ओव्हन नाही, गॅस नाही : इंडक्शनवर गोड काय काय जमेल?

सदाशिव_तिसरा_मजला

सदाशिव पेठेत आम्ही तिघं एका खोलीत राहतो. मालकांची सिलिंडरला मनाई आहे, इंडक्शन चालतं. सामान असं : २००० वॅटचं इंडक्शन, ३ लिटरचा इंडक्शन बुडाचा स्टीलचा कुकर आणि त्यातले दोन डबे, एक जाड बुडाचं पातेलं, छोटा मिक्सर, एकदारी फ्रीज. वजनकाटा नाही. मोजायला आमटीच्या वाट्या आणि चमचे.

तीन गोष्टी हव्या आहेत. पुढच्या आठवड्यात एकाचा वाढदिवस आहे, त्यासाठी बिनअंड्याचा केक. परीक्षा जवळ आल्यात, तेव्हा रात्री अभ्यासाच्या वेळी तोंडात टाकायला फ्रीजबाहेर आठ-दहा दिवस टिकेल असं काहीतरी. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, दुपारच्या डब्यातल्या पोळ्या मात्र उरलेल्या असतात, त्यांचं काही गोड करता येत असेल तर तेही सांगा.

कुकरमध्ये मीठ पसरून केक करायची पद्धत इंडक्शनवर चालत नाहीये. पाच-सात मिनिटांत बीप वाजतो आणि इंडक्शन बंद पडतं. मीठ कमी-जास्त केल्याने काही फरक पडेल का? प्रमाण वाटी-चमच्यात सांगितलंत तर बरं होईल.

वाफाळ

मीठ कमी करा नाहीतर जास्त, इंडक्शन बंद पडणारच. काचेखाली भांड्याच्या बुडाचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. पाणी किंवा तेल असलेलं भांडं ठीक चालतं, पण कोरडं भांडं त्याच्या मर्यादेपलीकडे तापलं की तो वीज तोडतो. तो भाग तुमच्या सुरक्षेसाठीच आहे, त्याला चकवायच्या युक्त्या करू नका. दुसरं असं की गॅसची आच भांड्याच्या बाजूंनीही वर चढते. इंडक्शनमध्ये फक्त बूड तापतं. त्यामुळे समजा ते चालू राहिलं असतं, तरी केक खालून करपला असता आणि वरून कच्चा राहिला असता. कोरडं भाजणं इंडक्शनचं काम नाही. वाफ मात्र त्याच्यावर उत्तम जमते, म्हणून केक वाफेवरच करा. चॉकलेटचा केला तर रंगाचाही प्रश्न उरत नाही, कारण वाफेवरच्या केकला वरून सोनेरी रंग येत नाही.

हा केक अंडं, दूध, लोणी यांतलं काहीही न घालता होतो. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे : मैदा दीड वाटी, साखर एक वाटी, पाणी एक वाटी. वाटी साधारण १५० मिलीची धरली आहे, पण लहान-मोठी असली तरी चालेल, फक्त सगळं एकाच वाटीने मोजा. मैदा वाटीत दाबून भरू नका, चमच्याने सोडा आणि वरून सुरीने सपाट करा. दाबून भरलात तर पाव वाटी जास्तीचा मैदा जातो आणि केक घट्ट होतो. बाकीचं : बिनसाखरेची कोको पावडर तीन पोह्याचे चमचे, तेल एक तृतीयांश वाटी (वास नसलेलं, म्हणजे सूर्यफुलाचं चालेल; शेंगदाण्याचं नको), खायचा सोडा चहाचा अर्धा चमचा सपाट, मीठ पाव चमचा, व्हिनेगर चहाचे दोन चमचे, व्हॅनिला इसेन्स अर्धा चमचा. व्हिनेगर नसेल तर तेवढाच लिंबाचा रस.

आपली साखर जाड दाण्याची असते, ती पिठात तशीच घातली तर विरघळत नाही आणि केकवर चिकट ठिपके दिसतात. पाणी कोमट करून ती त्यात आधी विरघळवून घ्या, मग ते गार होऊ द्या. मैदा, कोको, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळा. चाळणी नसेल तर चहाची गाळणी चालेल. कोकोच्या गुठळ्या इथेच मोडायला हव्यात, ओल्या पिठात त्या मोडत नाहीत.

पीठ कालवायच्या आधी कुकर तयार ठेवा. तळाशी तीन वाट्या पाणी, त्यात स्टँड किंवा कुकरची जाळी, वर डबा ठेवल्यावर डब्याचं बूड पाण्याला लागता कामा नये. पाण्यात बुडालं तर खालचा बोटभर थर गिळगिळीत राहतो. कुकरचाच डबा वापरा, त्याच्या बाजू सरळ असतात आणि तो आत नीट बसतो. आतून तेलाचा हात फिरवा, तळाला बटर पेपर गोल कापून घाला. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई लागते.

पाणी खळखळ उकळायला लागलं की मगच साखरेच्या पाण्यात तेल, इसेन्स आणि शेवटी व्हिनेगर घाला, ते कोरड्या मिश्रणात ओता आणि चमच्याने वीस-पंचवीस वेळा फिरवा. बस. दोन-चार बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतील. जास्त फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि केकमध्ये उभी भोकं पडतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आल्याक्षणी वायू सुटायला लागतो, त्यामुळे पीठ वाट बघत ठेवायचं नाही, लगेच डब्यात आणि डबा वाफेत. डबा निम्म्याहून जास्त भरू नका. डब्यावर फॉइल घट्ट बसवा किंवा ताटली झाका. हे राहून गेलं तर झाकणाला साठलेलं पाणी ठिबकतं आणि केकचा वरचा भाग चिखल होतो.

कुकरची रिंग राहू द्या, शिट्टी काढा. भरपूर वाफ यायला लागली की इंडक्शन ३०० ते ४०० वॅटवर आणा. एवढ्या कमी वॅटवर बरीचशी इंडक्शन थांबून थांबून चालतात, त्याने बिघडत नाही, नळीतून बारीक वाफ सतत दिसली म्हणजे झालं. ८०० वर ठेवलंत तर अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी सहज उडतं आणि कुकर कोरडा पडतो. एकूण ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं झाकणाला हात लावू नका. तोपर्यंत केक फुगलेला असतो पण त्याचा सांगाडा धरलेला नसतो, गार हवा लागली की मध्यभागी खड्डा पडतो. मग सुरी खुपसून बघा. कोरडी आली तर झाला, ओलं पीठ लागलं तर आणखी सात-आठ मिनिटं.

डब्यात दहा मिनिटं ठेवून मग उलटा करा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा. कोमट असताना सुरीला चिकटतो आणि लोकांना वाटतं कच्चा राहिला. साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला आहे. अर्धा चमचा म्हणजे सपाट अर्धा, शिगोशीग नाही.

तुपाळ_लाडू

वाफेचा केक वर नीट सांगितलाय, त्यात घालण्यासारखं काही नाही. मी पोळ्या आणि टिकाऊ खाऊ एवढ्यावरच सांगते.

उरलेल्या पोळ्यांचा लाडू कर. चार पोळ्या असतील तर तुकडे करून मिक्सरमधून थांबवत थांबवत फिरव, रव्यापेक्षा जाडसर राहायला हवं. पार पीठ केलंस तर लाडू घशाशी अडकतो. हा कुस्करा साधारण दोन वाट्या होतो. त्याला बारीक चिरलेला गूळ अर्धी वाटी आणि तूप दोन ते तीन पोह्याचे चमचे. पोळी मऊ असेल तर काहीही गरम करायची गरज नाही, गूळ-तूप हाताने कुस्करून एकजीव कर आणि वळ. पोळी वातड झाली असेल तर पातेल्यात तूप आणि गूळ मंद आचेवर घाल, गूळ नुसता विरघळला की लगेच उतरव, कुस्करा घाल. गुळाला उकळी आली की त्याचा पाक होतो आणि लाडू गार झाल्यावर दगड होतात. सगळ्यांची चूक इथेच होते, उतरवायला अर्धं मिनिट उशीर होतो. वेलची, जायफळ, असेल तर भाजलेली खसखस. पोळीत पाणी असतं म्हणून हे लाडू त्याच दिवशी संपवायचे, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. मेसच्या पोळीला मीठ जरा जास्त असतं, ते चव घेऊन बघ आणि गूळ त्या हिशेबाने वाढव. तेल लावलेल्या घडीच्या पोळ्या असतील तर तूप एक चमचा कमी.

टिकायला हवं असेल तर पाणी नको, हा एकच नियम. आच न लावता होणारे म्हणजे दाण्याचे लाडू. भाजके दाणे आण (खारे नकोत), सालं चोळून पाखडून टाक. दोन वाट्या दाणे, पाऊण वाटी चिरलेला गूळ. आधी दाणे एकटेच फिरवून जाडसर कूट कर, मग गूळ घालून दोन-तीन झटके दे. गुळामुळे आणि दाण्याच्या तेलामुळे मिश्रण आपोआप मुठीत बसायला लागतं. तेवढ्यावर थांब, पुढे फिरवलंस तर तेल सुटून लगदा होईल. वळला जात नसेल तर एक चमचा तूप, पाणी अजिबात नाही. कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस आरामात राहतात.

बेसनाचे लाडूही इंडक्शनवर होतात, पण उभं राहायची तयारी हवी. जाडसर लाडू बेसन दोन वाट्या, तूप पाऊण वाटी, पिठीसाखर एक ते सव्वा वाटी. इंडक्शनची कॉइल गोल कड्यासारखी असते, त्यामुळे बुडाला त्या कड्यावरच सगळ्यात जास्त चटका लागतो. ३०० वॅटवर ठेव आणि उलथनं त्या भागावरून सतत फिरत राहू दे. सुरुवातीला गोळा घट्ट असतो, दहा-बारा मिनिटांनी सैल पडायला लागतो, मग कडेने तूप सुटलेलं दिसतं. रंग बदामी आणि वास खमंग आला की, एकूण वीस-पंचवीस मिनिटांनी, एक चमचा पाण्याचा हबका मार. फसफसून पीठ रवाळ होतं. ती वाफ पूर्ण जिरेपर्यंत परत, पाणी मागे राहिलं तर लाडू टिकत नाही. आता पातेलं इंडक्शनवरून उतरव, कारण जाड बूड बराच वेळ तापलेलं राहतं आणि पीठ आतल्या आत पुढे भाजत जातं. साखर मिश्रण कोमट झाल्यावरच घाल. गरम असताना घातलीस तर ती वितळते, मिश्रण पातळ होतं आणि वळलेले लाडू डब्यात बसतात, गोल राहत नाहीत.

कच्चं राहिलेलं बेसन टाळूला चिकटतं. शंका आली तर चिमूटभर गार करून खाऊन बघ.

चक्का_साखर

फ्रीज आहे म्हणताय तर श्रीखंड विसरू नका. पुण्यात डेअरीवर तयार चक्का मिळतो, तेव्हा कापडात दही टांगायची खटपट नको. पाडवा आणि दसरा सोडून कधीही जा, सणाच्या दिवशी सकाळीच संपतो. अर्धा किलो चक्क्याला साखर अडीच ते तीन वाट्या. चक्का आंबट असेल तर तीन. साखर मिसळून तासभर झाकून ठेवा, ती आपोआप विरघळते. मग पुरणयंत्र नसेल तर स्टीलच्या गाळणीतून वाटीच्या बुडाने घासून काढा. मिक्सर लावू नका, चक्क्याची घडण मोडते आणि श्रीखंड ओघळायला लागतं. साखर घातल्यावर थोडं सैल होणारच, फ्रीजमध्ये तीन-चार तासांत पुन्हा घट्ट होतं. केशर असेल तर चमचाभर कोमट दुधात भिजवून. दूध जास्त नको.

दही घरीच टांगायचं असेल तर ताजं, गोडसर घ्या आणि टांगलेलं फ्रीजमध्ये ठेवा. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात बाहेर टांगलं तर सहा तासांत आंबट होतं. एक किलो दह्यातून साधारण चारशे ग्रॅम चक्का निघतो, दही पातळ असेल तर त्याहून कमी.

फळ घालताना पाण्याचा विचार करा. आंब्याचा रस घट्ट हवा : अर्धा किलो चक्क्याला दीड वाटी रस आणि साखर दीड ते दोन वाट्या. डबाबंद रसात साखर आधीच असते, तेव्हा चव घेत घेत वाढवा. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आली की ती कच्ची घालू नका, दुसऱ्या दिवशी श्रीखंडावर गुलाबी पाणी तरंगतं. वाटीभर तुकडे तीन चमचे साखरेबरोबर जॅमसारखे आटवा, गार करा, मग मिसळा. अननस आणि किवी कच्चे तर अजिबात नकोत. त्यांच्यातल्या एन्झाइममुळे दुधातली प्रथिनं तुटतात आणि तासाभरात कडवट चव येते. अननस उकळून घेतला की ती अडचण राहत नाही. सीताफळाचं उलट आहे, ते शिजवलं की कडवटपणा येऊ शकतो. सासवड-पुरंदरची सीताफळं पावसाळ्याच्या शेवटी बाजारात भरपूर असतात. गर बिया काढून तसाच, गार चक्क्यात.

कुकर आहेच, तर खरवसासारखी वडी पण करून बघा. चीक लागत नाही. कंडेन्स्ड मिल्क, घट्ट दही आणि दूध, तिन्ही एकेक वाटी. गुठळी न राहता ढवळायचं पण फेटायचं नाही, हवा शिरली की वडीला जाळी पडते. वेलची-जायफळ घालून डब्यात ओता, झाका आणि वर सांगितलंय तसंच बारीक वाफेवर वीस ते पंचवीस मिनिटं. डबा हलवल्यावर फक्त मधला भाग किंचित थरथरला पाहिजे. गार करून तीन तास फ्रीजमध्ये, मगच कापा. पाणी सुटलं तर एकतर दही पातळ होतं किंवा वाफ फार जोरात होती. दही तासभर गाळणीत ठेवून घेतलं तर हा धोका जातो.

सदाशिव_तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न आणखी. कर्वेनगरच्या एका मित्राकडे १६ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन) आहे, तो आठवडाभर द्यायला तयार आहे. खोलीत तो आणि इंडक्शन एकाच वेळी चालवता येतील का? मिळाला तर नानकटाई करायची आहे. आणि वाढदिवसाच्या केकवर आयसिंगसाठी घरातलंच दुधाचं क्रीम फेटून चालेल का?

बारीक_आच

आधी वीज. १६ लिटरचा ओटीजी साधारण १२०० वॅटचा असतो (मागच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो, तो बघा), म्हणजे २३० व्होल्टला सव्वापाच अँपिअर. इंडक्शन पूर्ण जोरात जवळजवळ पावणेनऊ. खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं, जाड पिनांचं १६ चं. इंडक्शन १६ च्याच सॉकेटला हवं. ओटीजी ६ च्या सॉकेटला कागदावर बसतो, पण अर्धा-पाऊण तास सलग एवढा भार असेल तर भिंतीतल्या सॉकेटलाच थेट लावा, एक्स्टेन्शन बोर्डला नाही. दोन्ही एकाच वेळी नकोत. पेठेतल्या जुन्या इमारतीत आख्ख्या खोलीला एकच लाइन असायची शक्यता असते. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला तर तिथेच बंद. आणि मालकांना आधी विचारून घ्या.

नानकटाईचं प्रमाण : मैदा दीड वाटी, बेसन पाव वाटी, बारीक रवा दोन चमचे, पिठीसाखर पाऊण वाटी, तूप दोन तृतीयांश वाटी, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलची, चिमूट मीठ. १४-१६ नग होतात. यात सगळा खेळ तुपाचा आहे. ते थिजलेलं, बोट दाबल्यावर खड्डा पडेल इतपत मऊ हवं. पातळ तूप घातलंत तर ट्रेमध्ये सगळ्या नानकटाया पसरून एक होतात. उन्हाळ्यात पुण्यात तूप बाहेर वितळलेलंच असतं, तेव्हा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून घ्या.

तूप आणि पिठीसाखर तळहाताने ताटात फेसा, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. आठ-दहा मिनिटं लागतात. खुसखुशीतपणा इथून येतो, हे काम आटोपतं घेऊ नका. मग चाळलेली पिठं घालून नुसतं गोळा करा, कणकेसारखं मळू नका. गोळा धरत नसेल तर अर्धा चमचा तूप, दूध नको. दुधाने बिस्किट कडक होतं. पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, मग लिंबाएवढे गोळे, किंचित चपटे, दोन बोटं अंतर सोडून.

ओटीजी १६० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा, वर-खाली दोन्ही रॉड चालू. ट्रे मधल्या खाचेत. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, त्याने वरून आधी रंग येतो आणि आत कच्चं राहतं. म्हणून ट्रे आत गेल्यावर शक्य असेल तर फक्त खालचा रॉड ठेवा आणि शेवटची तीन मिनिटं वरचा. १८ ते २० मिनिटं. बारा मिनिटांनी ट्रे फिरवा, कारण मागची बाजू नेहमी जास्त तापते. नानकटाई झाली की वर पांढरटच असते, खालची कडा मात्र फिकट बदामी. हात लावाल तर मऊ लागेल आणि वाटेल झाली नाही. तशीच बाहेर काढा, दहा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, गार होताना ती घट्ट होते. कडक होईपर्यंत आत ठेवलीत तर गार झाल्यावर दाताला लागेल. वरून तडे बारीक हवेत. मोठी भेग गेली तर तूप कमी पडलंय.

पुरती गार झाल्यावर डब्यात, नाहीतर आतली वाफ तिला मऊ पाडते. पंधरा दिवस राहते, म्हणजे तुमच्या परीक्षेच्या खाऊतही बसते.

तुपाऐवजी लोणी घातलं तर चव श्रुसबेरी बिस्किटाच्या बाजूला झुकते, पण पाकिटातल्या लोण्यात पाणी असतं आणि मीठही, त्यामुळे पीठ जरा चिकट होतं. मीठ वगळा आणि मैदा दोन चमचे वाढवा. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीची श्रुसबेरी खाल्ली असेल तर तो भुरभुरीतपणा खोलीत पहिल्या फेरीत येणार नाही, तिथे भट्टी आणि हात दोन्ही मुरलेले आहेत.

ओटीजीचं जमलंच नाही तर आणखी एक वाट आहे. शहरातल्या काही जुन्या बेकऱ्यांमध्ये दिवाळीच्या आधी लोक आपलं सामान देऊन नानकटाई करून घेतात. तुमच्या भागातल्या बेकरीत दुपारच्या मोकळ्या वेळी विचारा, थोड्या मालासाठी सगळेच हो म्हणतात असं नाही.

वाफाळ

क्रीमबद्दल. दुधावरची साय किंवा किराणा दुकानातलं साधं फ्रेश क्रीम फेटून फुगत नाही. त्याला निदान ३० टक्के स्निग्धांश लागतो, साध्या खोक्यावर २५ किंवा त्याच्या आसपास छापलेलं असतं. कितीही फेटलंत तरी पातळच राहील. त्यापेक्षा तेच क्रीम चॉकलेटमध्ये घालून लेप करा, वाफेच्या केकला तो जास्त शोभतोही. डार्क कंपाउंड (बेकिंगसाठी मिळणारं वडीचं चॉकलेट) १०० ग्रॅम सुरीने बारीक चिरा, क्रीम एक तृतीयांश वाटी. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, इंडक्शन बंद करा, वर वाटी ठेवा, वाटीचं बूड पाण्याला न लागता. दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेरच्या बाजूला हळू ढवळा. वितळताना पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट रवाळ होऊन गोळा होतं. तसं झालंच तर फेकू नका, चमचा-चमचा गरम क्रीम घालत ढवळलं तर बहुतेकदा सावरतं. दाटपणा इडलीच्या पिठाएवढा झाला की पूर्ण गार केकवर ओता. केक कोमट असेल तर लेप खाली ओघळून ताटात जमा होतो. आणखी पातळ, चकचकीत हवा असेल तर क्रीम अर्धी वाटी करा.

कंपाउंड आणि कोको घ्यायला रविवार पेठेत बेकिंगचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथे छोट्या पुड्यांतही मिळतं. साच्याची वेगळी गरज नाही, पण पुढे ओटीजीसाठी हवा झाला तर तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानात सहा इंची ॲल्युमिनियमचा घ्या. तो इंडक्शनच्या काचेवर थेट चालणार नाही, वाफेत आणि ओटीजीत मात्र चालतो. जाण्याआधी कुकरच्या तोंडाचं माप दोऱ्याने घेऊन जा, साच्याभोवती बोटभर जागा वाफेला लागते.

सदाशिव_तिसरा_मजला

कुकरमध्ये दोन डबे बसतात, तर खाली केक आणि वर ती खरवसाची वडी अशी एकदमच लावली तर?

वाफाळ

नका लावू. वडी पंचविसाव्या मिनिटाला काढावी लागेल आणि त्यासाठी झाकण उघडलं की केक अजून मऊ असतो. शिवाय वरचा डबा खालच्या फॉइलवर दाबून बसतो, केकला फुगायला जागा राहत नाही. आधी वडी करा, ती फ्रीजमध्ये घट्ट होत असताना कुकरमध्ये नवीन पाणी घालून केक लावा. केक एक दिवस बाहेर चालेल, पावसाळी हवेत तेवढाही ठेवू नका, वाफेवरचा केक ओलसर असल्याने लवकर बुरशी धरतो. फ्रीजमध्ये झाकून तीन-चार दिवस. तेलाचा असल्यामुळे लोण्याच्या केकसारखा घट्ट होत नाही, चॉकलेटचा लेप मात्र कडक होतो. खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.